लसीचा खोका बांधण्याआधी: टायर आणि शॉकअप घरच्या घरी कसे बघावेत

मी पाटण तालुक्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. गावोगाव लोक 'डॉक्टर' म्हणतात. या कामाला एकोणीस वर्षं झाली आणि त्यातली बहुतेक मोटारसायकलवर गेली. दिवसाला पन्नास किलोमीटर तरी होतात, त्यातले निम्मे चढ-उताराचे. गाडी पल्सर १५०, जुनी, ट्यूबच्या टायरांची.

कधी मी एकटा असतो. कधी कृत्रिम रेतनासाठी तीन लिटरचा नायट्रोजनचा कॅन बाजूला अडकवलेला असतो. आणि मे संपता संपता घटसर्प-फऱ्याची लस आली, की मागे बर्फाच्या पॅकांनी भरलेला लसीचा खोका, शिवाय आमचे परिचर आप्पा. सोमवारी गाडीवर बहात्तर किलो, मंगळवारी दीडशे. गाडी तीच, टायर तेच, पण रस्त्यावर ती दोन वेगळ्या गाड्यांसारखी चालते. हे मला कळायला एक अपघात व्हावा लागला, म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे. ग्रामसेवक, आशाताई, शिक्षक, दूधवाले, पोस्टमन, जे जे ओझं घेऊन डोंगरातल्या रस्त्यांवर फिरतात त्यांच्यासाठी.

२०१७ चा जुलै. कोयनानगरच्या बाजूला भातलावणी जोरात होती आणि खाचरातून निघालेल्या ट्रॅक्टरने डांबरावर चिखलाचे पट्टे ओढले होते. आप्पा मागे, त्यांच्या आणि माझ्या मधे खोका. वेग तीसच्या आतच. डाव्या वळणावर पुढचं चाक एकदम सुटलं. मला गुडघ्याला खरचटलं, आप्पांचं हासळीचं हाड मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात, आणि लावणीच्या दिवसांत घरी दुसरं कुणी नाही.

चिखल होता हे खरं. पण पंक्चरवाल्या मामांनी नंतर चाक फिरवून दाखवलं ते मला चिखलापेक्षा जास्त लागलं. पुढचा टायर मी दोनच महिन्यांपूर्वी नवा म्हणून घेतला होता. नक्षी भरपूर, चमक छान. मामांनी कडेवरचे चार आकडे बोटाने दाखवले: ३४१०. म्हणजे २०१० सालच्या चौतिसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात सात वर्षं पडून त्याचं रबर लाकडासारखं झालं होतं. मागच्या टायरमध्ये हवा निघाली २२ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), हवी होती ३२. मागचे शॉकअप सैल खाचेवर, म्हणजे गाडी मागे बसलेली आणि पुढचं चाक हलकं. तीन चुका एका वळणावर एकत्र आल्या. तिन्ही मला घरी, दहा मिनिटांत दिसल्या असत्या.

आधी हवा

हवा सकाळी मोजायची, गाडी बाहेर काढण्याआधी. गाडी चार-पाच किलोमीटर चालली की टायर तापतो आणि आतली हवा दोन-तीन पीएसआयने वर दिसते. पेट्रोल पंपावर जाऊन मोजलं की आकडा बरोबर वाटतो आणि खरी हवा कमी असते. म्हणून स्वतःचा गेज घ्या. दोन-तीनशे रुपयांत साधा गेज मिळतो. सोबत पायाने मारायचा पंप घेतला तर पंपावरच्या मशीनची वाट बघावी लागत नाही. गरम टायरमधली 'जास्त झालेली' हवा कधीही सोडू नका. रात्री गार झाला की तो खाली जातो. हवामानाचंही तसंच आहे. तापमान दहा अंशांनी उतरलं की साधारण दीड पीएसआय कमी होतात, त्यामुळे थंडी सुरू झाली की पहिल्या आठवड्यातच एकदा मोजून घ्यावी.

किती भरायची? माझ्या गाडीला पुढे २५, मागे एकट्यासाठी २८ आणि मागे माणूस असेल तर ३२. तुमच्या गाडीचे आकडे चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) चिकटवलेल्या कागदावर असतात, नाहीतर गाडीच्या पुस्तकात. टायरच्या कडेवर छापलेला आकडा घेऊ नका. तो त्या टायरला सोसणारी कमाल हवा सांगतो, तुमच्या गाडीला काय हवं ते सांगत नाही. आणि पंक्चरच्या दुकानात 'दोन्हीकडे तीस मारतो' म्हणाले तर नम्रपणे थांबवा. पुढच्या चाकात जास्त हवा म्हणजे रस्त्याला टेकणारा पट्टा लहान, आणि ओल्या उतारावर ब्रेक दाबताना भरवसा त्या पट्ट्याचाच असतो.

दोन समजुती मी रोज ऐकतो. पहिली, पावसात हवा कमी केली की पकड वाढते. डांबरावर हे उलटं आहे. हवा कमी झाली की टायर मधे दबतो, नक्षीच्या चिरा मिटतात आणि पाणी बाहेर निघायला वाट राहत नाही. मग चाक पाण्यावर तरंगतं. दुसरी, उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवावी. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला कडेला वाकतो, त्या वाकण्यानेच तापतो आणि तापून जातो. ओझं असेल तर आणखी लवकर.

ट्यूबच्या टायरवाल्यांनी व्हॉल्व्हकडेही बघावं. तो रीममधून सरळ, केंद्राच्या दिशेने उभा हवा. तिरका झाला असेल तर टायर रीमवर सरकतो आहे आणि सोबत ट्यूबला ओढतो आहे. कारण बहुतेक वेळा कमी हवा. तसंच चालवलं तर एक दिवस व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो आणि हवा एका क्षणात जाते. मामांनी मला एक चांगली सवय लावली: व्हॉल्व्हचं नट रीमला घट्ट आवळायचं नाही, वर टोपीच्या खाली आणून ठेवायचं. मग ट्यूब सरकली की व्हॉल्व्ह लगेच तिरका दिसतो.

टायर बघायचा नाही, चाचपायचा

गाडी मेन स्टँडवर घ्या. मागचं चाक हाताने हळू फिरवत पूर्ण टायरवरून बोटं फिरवा. पुढच्या चाकासाठी कुणाला तरी मागचा कॅरिअर दाबून धरायला सांगा. काच असू शकते, म्हणून पहिल्या फेरीला जुनं फडकं घ्या, दुसऱ्या फेरीला उघडी बोटं. नक्षीत अडकलेले खडे चावीच्या टोकाने काढा. छोटा खडा आज नुसता अडकलेला असतो, महिनाभरात आत घुसत जातो. चपटं, चमकणारं काही दिसलं तर तो खिळ्याचा डोकाही असू शकतो. तो घरी उपटू नका, हवा गेली तर तिथेच अडकाल. हवा मोजा, टिकत असेल तर हळू दुकानापर्यंत जा.

कडा जास्त महत्त्वाच्या. खड्ड्यात चाक जोरात आदळलं की आतले धागे तुटतात आणि कडेला लिंबाएवढा किंवा सुपारीएवढा फुगवटा येतो. असा टायर काढायचाच. त्याला दुरुस्ती नाही, आणि तो मागच्या चाकावर टाकून 'जरा दिवस काढू' हेही नाही. कडेवर बारीक भेगा असतील तर अंगठ्याने दाबून भेग उघडते का ते बघा. मग नक्षीवर नख रोवा. जिवंत रबरात नख थोडं रुततं आणि खूण हळूहळू भरून येते. मेलेल्या रबरावर नख सरकतं. माझ्या त्या 'नव्या' टायरवर नख नुसतं घसरलं होतं.

बनल्याची तारीख कडेवर लंबगोल चौकटीत चार आकड्यांत असते. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. आकडे एका बाजूला दिसले नाहीत तर दुसऱ्या बाजूला बघा. मी आता दोन वर्षांपेक्षा जुना टायर नवा म्हणून घेत नाही, आणि पाच वर्षं झालेला टायर नक्षी कितीही असली तरी पावसाळ्याआधी बदलतो. दुकानदाराला राग आला तरी चालेल. बिल देण्याआधी टायर हातात घेऊन आकडे वाचणं हा तुमचा हक्क आहे.

नक्षी किती उरली हे कळायला टायरच्या कडेवर बारीक त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरं शोधा. त्याच्या रेषेत, नक्षीच्या चिरेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा असतो. नक्षी झिजून त्या उंचवट्याला मिळाली की टायर संपला. दुचाकीसाठी कायद्याने किमान खोली ०.८ मिलिमीटर मागितली आहे. पण कायद्याचा आकडा म्हणजे शेवटची पायरी. कोयनेच्या पावसात मी २ मिलिमीटरला बदलतो. मोजायला आगपेटीतली काडी पुरते: चिरेत उभी धरा, वरच्या पातळीला नखाने खूण करा आणि पट्टीवर ठेवा. टायरच्या मधे, डावीकडे आणि उजवीकडे अशा तीन ठिकाणी मोजा. गोटा झालेला टायर बहुतेक वेळा मधेच गोटा असतो, कडेला नक्षी तशीच असते आणि उभं राहून बघितलं तर चांगला वाटतो.

झिजण्याच्या तऱ्हेवरून बरंच कळतं. फक्त मधला पट्टा सपाट झाला तर हवा जास्त आहे किंवा गाडी सरळ रस्त्यावरच जास्त चालते. दोन्ही कडा आधी झिजल्या तर हवा कमी राहिली. आणि हात फिरवताना रबर उंच-सखल, लाटांसारखं लागलं, तर टायर सोडून शॉकअपकडे बघा. चाक रस्त्यावर टेकून न राहता उड्या मारतं तेव्हा रबर असं तुकड्यातुकड्याने झिजतं. चाकाचं बेअरिंग किंवा बॉलरेसर (हँडलच्या मानेतलं बेअरिंग) ढिला असला तरीही असंच होतं.

आकाराचं थोडक्यात. माझ्या मागच्या टायरवर १००/९०-१७ ५५पी असं आहे. शंभर मिलिमीटर रुंद, उंची त्याच्या नव्वद टक्के, रीम सतरा इंची. ५५ हा भाराचा अंक, म्हणजे तो टायर २१८ किलो सोसतो, आणि पी म्हणजे कमाल वेग १५० किलोमीटर. नवा टायर घेताना भाराचा अंक आधीपेक्षा कमी नको. रुंद टायर 'दिसायला भारी' म्हणून बसवू नका, अरुंद रीमवर तो वाकडा बसतो आणि वळणावर गाडी जड करते. कडेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला हवा. काही टायरांवर पुढच्या आणि मागच्या चाकासाठी वेगळे बाण असतात, तेही वाचा. बसवल्यावर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जपून चालवा, नव्या रबराचा वरचा थर गुळगुळीत असतो.

ट्यूबलेसचं पंक्चर दोरीने काढायचं ते फक्त नक्षीच्या भागात. कडेचं पंक्चर दोरीने काढलेलं मला चालत नाही, कुणालाच चालू नये.

शॉकअप ठीक आहेत का

सेटिंगला हात लावण्याआधी शॉकअप जिवंत आहेत की नाही ते ठरवा. मेलेल्या शॉकअपवर खाचा फिरवून काही होत नाही.

पुढून सुरुवात. फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, चकचकीत पाइपवर रबरी टोपी असते, तिच्याखाली तेलाची सील. पाइपवर बोट फिरवा. तेलाचा पातळ, धूळ चिकटलेला गोल दिसला तर सील गळते आहे. हे दिसायला किरकोळ वाटतं, पण तेच तेल ओघळून डिस्कवर आणि ब्रेकपॅडवर आलं की उतारावर पुढचा ब्रेक लागत नाही. काही वेळा सील फाटलेली नसते, तिच्या ओठाखाली चिखलाचा कण अडकलेला असतो. रबरी टोपी हळूच वर सरकवा, दुधाच्या रिकाम्या पिशवीची किंवा जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मची पट्टी कापून सीलच्या आत घाला आणि पाइपभोवती फिरवून काढा. कण बाहेर येतो. पुसून दोन दिवस चालवा. गळती थांबली तर सील वाचली, नाहीतर दोन्ही बाजूंच्या सील आणि तेल एकदमच बदला. पाइपवर गंजाचे टोकदार ठिपके असतील तर नवी सीलही टिकत नाही, तो पाइप आधी मेस्त्रीला दाखवा.

मग पुढचा ब्रेक धरून हँडलवर अंगाचा भार टाकून तीन-चार वेळा दाबा. एकसारखं खाली जायला हवं आणि सोडल्यावर एकदाच वर येऊन थांबायला हवं. दोन-तीन हेलकावे घेत असेल तर तेल पातळ झालंय किंवा कमी आहे. फोर्कचं तेल इंजिनच्या तेलासारखं काळं होऊन बाहेर दिसत नाही, म्हणून दहा-दहा वर्षं कुणी बदलत नाही. मी वीस हजार किलोमीटरला बदलून घेतो. प्रत आणि माप पुस्तकातलंच, आणि दोन्ही पायांत तंतोतंत सारखं. मेस्त्री अंदाजाने ओतत असेल तर मापाचं भांडं तुम्ही न्या. आमच्याकडे इंजेक्शनची साठ मिलिलिटरची सिरिंज असते, मी तीच देतो.

दाबताना 'कट' असा आवाज आला तर बॉलरेसर बघायचा. मेन स्टँडवर मागून दाब देऊन पुढचं चाक उचला, फोर्कचे खालचे पाय दोन्ही हातांत धरा आणि पुढे-मागे ओढा. खेळ जाणवायला नको. मग हँडल एका बोटाने डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मध्ये खाचेत बसल्यासारखं अडकलं तर रेसर खड्डा पडून संपला आहे. नुसता आवळून घेऊ नका, आवळलेला खराब रेसर गाडीला सरळ जाऊ देत नाही.

मागे: शॉकअपच्या दांड्यावर तेल, वरच्या-खालच्या बुशांत खेळ, आणि स्विंगआर्म. मागचं चाक डावी-उजवीकडे हलवा. चाकासकट स्विंगआर्म हलत असेल तर बुश गेले. गॅसचा डबा असलेले शॉकअप घरी उघडायचे नाहीत, आत दाबाखालचा वायू असतो.

ओझ्याप्रमाणे खाच

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो भाग.

मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली पायऱ्यांची कडी असते, बऱ्याच गाड्यांना पाच खाचांची. ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. बहुतेक लोक म्हणतात, 'शॉकअप कडक केला'. खरं तर स्प्रिंग तीच राहते, तिचा कडकपणा बदलत नाही. बदलते ती गाडीची मागची उंची, म्हणजे ओझं बसल्यावर गाडी किती खाली बसेल ते. हे समजलं की खाच कधी फिरवायची ते आपोआप समजतं: दणके बसतात म्हणून नाही, ओझं बदललं म्हणून.

गाडी मागे फार बसली तर काय होतं? पुढचं चाक हलकं होतं, हँडल वळणावर सैल वाटतं. हेडलाइट वर उठतो, आपला रस्ता काळोखात राहतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. कुंभार्ली घाटात रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा झाडांच्या शेंड्यांवर दिसला की मी ओळखतो, मागे दोन माणसांचं ओझं आहे आणि खाच एकवर आहे. मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला आपटतो, आणि तो दणका कण्याला आणि रीमला जातो. उलट, एकट्याने पाचव्या खाचेवर चालवलं तर मागचं चाक फुटलेल्या रस्त्यावर उड्या मारतं. खड्ड्यात खाली जायला त्याला चालच (खाली-वर हलायची जागा) उरत नाही आणि ब्रेक दाबला की ते घसरतं.

किती बसायला हवी ते टेपने मोजा. मागच्या कव्हरवर चाकाच्या आसाच्या सरळ वर एक चिकटपट्टी लावा. गाडी मेन स्टँडवर, चाक लोंबतं असताना आसाच्या नटाच्या मध्यापासून पट्टीपर्यंतचं अंतर घ्या. माझ्या गाडीला ते ५२५ मिलिमीटर. मग गाडी जमिनीवर घ्या, रोजच्या कपड्यांत, हेल्मेटसकट बसा, कुणी तरी हँडल धरू दे, पाय फूटरेस्टवर, दोन-तीनदा हलकेच हिसका द्या आणि दुसऱ्याला पुन्हा मोजायला सांगा. माझं आलं ४९७. फरक २८ मिलिमीटर. रोजच्या गाड्यांना मागच्या चाकाची चाल ८० ते १२० मिलिमीटर असते, तुमचा आकडा पुस्तकात असेल. बसल्यावर या चालीचा पाव ते एकतृतीयांश भाग वापरला जावा. माझ्या गाडीची चाल मी शंभर धरतो, म्हणजे एकट्यासाठी दुसरी खाच बरोबर.

आता आप्पा आणि चौदा किलोचा खोका चढवला. त्याच दुसऱ्या खाचेवर अंतर ४७५, म्हणजे गाडी ५० मिलिमीटर बसली. चालीचा निम्मा भाग उभ्या-उभ्याच संपला. २०१७ ला आम्ही याच अवस्थेत त्या वळणावर गेलो होतो. चौथ्या खाचेवर ४० आणि पाचव्यावर ३५ आले. ३५ देखील थोडे जास्तच, म्हणून बर्फाचे पॅक कमी करून खोका दहा किलोवर आणला. लस दोन ते आठ अंशांत राहिली पाहिजे हे आमचं बंधन, म्हणून आता लांबच्या वाड्यांना एका फेरीऐवजी दोन फेऱ्या करतो. शेवटच्या खाचेवरही गाडी फार बसत असेल तर स्प्रिंग थकलेत किंवा ओझं जास्त आहे. पुस्तकात गाडीची कमाल भारक्षमता दिलेली असते. त्यात चालवणारा, मागचा आणि सामान, तिघांचं वजन धरायचं असतं. मधे बसवलेलं मूल आणि टाकीवर ठेवलेली पिशवीसुद्धा वजनच आहे, आणि दोनपेक्षा जास्त माणसं बसवायची नाहीत, गणपतीला गावी जातानासुद्धा.

खाच फिरवायची कशी? गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. कडीवरचा चिखल नायलॉनच्या ब्रशने काढा, गंज असेल तर आदल्या रात्री गंजावरचं तेल सोडून ठेवा. टूलकिटमधला हूक पाना कडीच्या खाचेत अडकवून फिरवा. स्प्रिंग आखूड होताना दिसली की ओझ्याची दिशा. डावी-उजवी एकाच खाचेवर हवी, उजेडात दोन्ही मोजून बघा. स्क्रूड्रायव्हर लावून हातोडीने ठोकू नका, कडी फुटते आणि पाना निसटला की हाताची कातडी जाते. पाना हरवला असेल तर नवा फार महागात जात नाही.

खाच बदलल्यावर दोन गोष्टी पुन्हा बघायच्या. एक चेन. मागची बाजू खाली-वर झाली की चेनचा ढिलेपणा बदलतो. म्हणून चेन तपासताना ओझं गाडीवर असू दे. पूर्ण ओझ्यावर ती ताठ ओढलेली नको. दुसरा हेडलाइट. संध्याकाळी घराच्या भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करा, एकटे बसून उजेडाच्या वरच्या कडेला खडूने रेघ मारा, मग ओझं चढवून बघा. रेघेच्या फार वर गेला तर खाच अजून कमी आहे. टेप नसेल तर नुसत्या या भिंतीवरूनही बरीच अंदाजे खाच जमते.

ओझं कुठे बांधता यावरही बरंच अवलंबून आहे. जड वस्तू शक्य तेवढी खाली आणि माणसाच्या जवळ. कॅरिअरच्या शेवटच्या टोकाला बांधलेला दहा किलोचा खोका सीटवरच्या वीस किलोपेक्षा जास्त त्रास देतो, कारण तो आसाच्याही मागे लटकतो. नायट्रोजनचा कॅन मी डावीकडे लावतो, उजवीकडे सायलेन्सरची उष्णता असते. समतोलासाठी औषधांची पिशवी उजवीकडे वर, सायलेन्सरपासून लांब. हँडलला काहीही अडकवत नाही, दुधाची किटलीसुद्धा नाही.

महागड्या गाड्यांना पुढे-मागे स्क्रूवर फिरणारं सेटिंगही असतं, स्प्रिंग परत येण्याचा वेग बदलणारं. माझ्या पुतण्याच्या गाडीला आहे. त्याला एवढंच सांगितलं: आधी घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद कर, किती 'टिक' लागले ते वहीत लिही, मग मूळ जागी आण, आणि एका वेळी दोनच टिक, एकाच स्क्रूचे. रस्ता तोच ठेव. खड्ड्यानंतर गाडी डुलत राहिली तर परत येण्याचा वेग कमी करायचा, सलग खड्ड्यांत खाली-खाली बसत गेली तर वाढवायचा.

सगळं झालं की पहिले पाच किलोमीटर मोकळ्या रस्त्यावर सावकाश. एकदा सरळ रस्त्यात, मागे कुणी नसताना, ब्रेक जोर वाढवत दाबून बघा. काही वेगळं वाटलं तर थांबा आणि नट पुन्हा बघा.

माझ्या सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत एक वही असते. त्यात दर रविवारी तारीख, किलोमीटर, पुढची हवा, मागची हवा, काडीने मोजलेली नक्षी आणि खाच. लसीकरणाच्या दिवशी सकाळी आप्पा आधी गेज मागतात. मागे बत्तीस झाले की पाना घेऊन खाली बसतात, दोन्ही कड्या पाचवर आणतात, आणि मगच खोका बांधायला घेतात. संध्याकाळी दवाखान्यात परतल्यावर खोका उतरला की कड्या पुन्हा दोनवर, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हवा अठ्ठावीसवर.